चीनच्या खेड्यांत झाडपाल्याचं औषध नक्की कोण घेतं?

मु_पो_हफेई

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या आमचा मुक्काम चीनमध्ये, आनहुई प्रांतात. भारतातून कुणाचाही फोन आला की एक प्रश्न हमखास असतो, "तिकडे सगळे झाडपालाच घेतात ना?" त्यातही खेड्यातले लोक म्हणजे जडीबुटीवरच जगत असणार, अशी बऱ्याच जणांची खात्री असते.

आमच्या शेजारणीचं माहेर बोझौजवळच्या एका खेड्यात आहे. बोझौ म्हणजे चिनी औषधी वनस्पतींची सर्वात मोठी बाजारपेठ, शिवाय हुआ तुओ या प्राचीन वैद्याची जन्मभूमी. आजूबाजूच्या शेतांत औषधासाठी पांढरा पिओनी, म्हणजे एक फुलझाड, लावतात. इथे तरी काढेच काढे दिसतील असं वाटलं होतं. गावच्या दवाखान्यात गेले तर भिंतीला खिळे आणि खिळ्यांना सलाईनच्या बाटल्या! खाली खुर्चीत सर्दी झालेलं एक पोरगं हाताला सुई लावून मोबाईलवर कार्टून बघत बसलेलं. डॉक्टरांच्या पाठीमागे छोट्या छोट्या खणांचं जुनं लाकडी कपाट होतं, औषधांच्या नावाच्या चिठ्ठ्या अजून चिकटलेल्या. शेजारणीने एक खण ओढून दाखवला. आत मोबाईलचा चार्जर आणि पावतीपुस्तकं.

त्याच शेजारणीच्या घरी मात्र आईच्या गुडघ्यांसाठी मातीच्या भांड्यात काढा उकळत होता.

तर प्रश्न असा, की खेड्यात हे औषध लोक कशासाठी घेतात? विश्वास म्हणून, परवडतं म्हणून, की दुसरं काही जवळ नाही म्हणून? इथे डॉक्टर, वैद्य आणि चीनमध्ये राहिलेले बरेच जण आहेत. लिहा.

तिरकस

म्हणजे आपल्या गावासारखंच. सलाईन लावल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही, आणि डॉक्टरला तर त्याहून नाही.

डॉ_निशाचर

चांगला विषय. मी एमबीबीएस चीनमधूनच केलं, आता विदर्भात प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. परदेशी विद्यार्थ्यांनाही तिथे चिनी वैद्यक हा छोटा विषय असतो. सुया टोचायला शिकवतात, परीक्षा झाली की सगळे विसरतात.

सलाईनचं म्हणाल तर २००९ साली चीनमध्ये माणशी आठ बाटल्या सलाईन वापरलं गेलं, हा आकडा तिथल्या सरकारी अधिकाऱ्यानेच पुढच्या वर्षी जाहीर सांगितला होता. त्यावर बराच गदारोळ झाला आणि मग निर्बंध आले. खेड्यात अजून सवय सुटलेली नाही, कारण मजूर माणसाला उद्या कामावर जायचं असतं. काढा आठवडाभर घ्यायचा, बाटली तासाभरात संपते.

आता थोडा इतिहास. १९६५ च्या जूनमध्ये माओने आरोग्य खात्याला झापलं, की तुम्ही फक्त शहरातल्या साहेबलोकांची सेवा करता. त्यातून पुढे 'अनवाणी डॉक्टर' आले. गावातलाच शेतकरी पोरगा किंवा पोरगी, तीन ते सहा महिन्यांचं प्रशिक्षण, अर्धा वेळ शेतात आणि अर्धा वेळ दवाखान्यात. १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्यांची संख्या १५ लाखांच्या आसपास होती. 'एक चांदीची सुई, एक मूठ जडीबुटी' अशी त्यांची घोषणा. सरकारकडे खेड्यात पाठवायला पैसे नव्हते, औषधं नव्हती, तेव्हा रानातून आणलेला पाला फुकट पडायचा. त्या काळात खेड्यात चिनी औषध पसरलं त्याचं मोठं कारण हे.

यातली गंमत अशी की पेनिसिलीन, लस आणि इंजेक्शन खेड्यात पहिल्यांदा नेलं तेही याच अनवाणी डॉक्टरांनी. लोकांना इंजेक्शनचा गुण तासात दिसला. पुढे शेती पुन्हा घराघरात वाटली गेली तशी सामुदायिक आरोग्य योजना कोसळली. १९८५ मध्ये 'अनवाणी डॉक्टर' हे नाव सरकारने काढून टाकलं, 'ग्रामीण डॉक्टर' आलं. त्यानंतर यांचं पोट औषधविक्रीच्या नफ्यावर. तुम्हाला दिसलेली ती सलाईनची भिंत तिथून सुरू होते.

रानवाटा

डॉक्टरसाहेब, सगळं पैशावर नेऊन ठेवलंत की! मी वैद्य आहे, रत्नागिरी जिल्ह्यात प्रॅक्टिस. सांधे, पोट, जुनी कंबरदुखी, बाळंतिणीची काळजी या गोष्टींसाठी माणूस काढ्याकडे येतो तो फक्त स्वस्त म्हणून येत नाही. गोळीने ठणका थांबतो, पण त्याला पथ्य कुणी सांगत नाही, झोप कशी लागते ते विचारत नाही. चिनी वैद्यही नाडी बघतो, जीभ बघतो, काय खायचं नाही ते सांगतो. जिनसेंग घेताना मुळा खायचा नाही, हे तिथल्या कुठल्याही आजीला ठाऊक असतं. शिवाय नुसता काढा म्हणजे चिनी वैद्यक नव्हे. कपिंग (अंगावर पेले चिकटवणं), सुया, नागदवण्याच्या जातीतल्या वनस्पतीची धुरी, पाठीवर चमच्याने घासणं, हे सगळं खेड्यात घरच्या घरीच चालतं. ते कुठल्या सरकारी आकड्यात मोजणार?

लिटमस

पथ्य सांगितलं म्हणून औषध निर्दोष होत नाही. ब्रुसेल्सला १९९०च्या सुमारास वजन कमी करायला चिनी वनस्पती घेतलेल्या शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या गेल्या. एका वनस्पतीच्या जागी चुकून दुसरी गेली होती, आणि त्या दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. नंतर चीनमध्येही याच आम्लाची ग्वानमुतोंग नावाची वनस्पती असलेल्या गोळ्यांनी किडनी गेल्याच्या तक्रारी आल्या आणि २००३ मध्ये तिच्यावर बंदी आली. तोपर्यंत ती दुकानात सहज मिळत होती. ज्या गावात किडनीची तपासणीच होत नाही तिथे कुणाची कशाने गेली हे कळणार कसं?

वैद्यबुवा, आपल्या सापसण या वेलीतही हेच आम्ल असतं बरं का.

रानवाटा

@लिटमस, ठाऊक आहे, आणि म्हणूनच मी ती पोटात देत नाही. कोकणात अजून तापाला, विंचवाला लोक आपापली उगाळून घेतात, त्यांना मीच ओरडतो. पण एका वनस्पतीवरून सगळ्या शास्त्राला झोडपायचं असेल तर पॅरासिटामॉलने यकृत जातं त्याचं काय?

लिटमस

पॅरासिटामॉलने किती ग्रॅमला यकृत जातं ते पाकिटावर लिहिलेलं असतं. काढ्याच्या पुडीवर काय असतं?

तिरकस

पुडीवर जुन्या वर्तमानपत्राचं राशिभविष्य असतं. त्यात लिहिलेलं असतं, 'आरोग्याकडे लक्ष द्या'.

सोलापुरी_चादर

चीनचं खेडं आणि डॉक्टर म्हटलं की आमच्या गावचा माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. कोटणीस पुढे हेबेई प्रांतातल्या डोंगरी खेड्यांमध्येच राहिले, नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या डॉक्टरांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. जपानी नाकेबंदीमुळे औषधं पोचत नव्हती, त्या काळात हा माणूस खेड्यात शस्त्रक्रिया करत होता.

धाग्याशी संबंध असा, की त्याच पथकातले डॉ. बसू १९५०च्या दशकात पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते भारतात आणलं. लुधियानाला कोटणीसांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. महाराष्ट्रात तर आता अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे. स्वतः कोटणीस शल्यविशारद होते, आणि त्यांचं नाव सुयांच्या दवाखान्याला!

डॉ_निशाचर

@सोलापुरी_चादर, मस्त आठवण. आणि अनवाणी डॉक्टरांचा धागा आपल्याकडेही येतो. १९७७ मध्ये २ ऑक्टोबरला केंद्राने गावोगावी आरोग्य स्वयंसेवक नेमायची योजना आणली, तिच्यामागे चीनचं उदाहरण होतंच. जामखेडला आरोळे दांपत्याने तर १९७० पासून गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं होतं. फरक असा की आपल्या आशाताईच्या हातात पॅरासिटामॉल आणि ओआरएस आलं, झाडपाला मागे राहिला.

भटकभवानी

थोडं वेगळं लिहिते. नोकरीच्या निमित्ताने दक्षिणेत ग्वांगशी प्रांतात राहत होते, तेव्हा जिंगशी नावाच्या गावचा औषधबाजार पाहिला. चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्यात पंचमीला, म्हणजे ड्रॅगन बोटींच्या सणाला, आजूबाजूच्या डोंगरांतले झुआंग लोक पाठीवर मुळ्या-पाल्याचे भारे घेऊन येतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओल्या मुळ्यांचे ढीग, मातीसकट. कित्येक जण काही विकतही घेत नाहीत. त्या दिवशी बाजारात फिरून नुसता वास घेतला तरी वर्षभर आजार येत नाही अशी समजूत आहे. वासाचं वर्णन करणं अवघड आहे. ओली माती, आलं, कापूर आणि कुठेतरी कुजलेलं लाकूड.

त्याच सणाला दारावर एक जुडी टांगतात, त्यात आपलं वेखंड असतं. आईला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "अगं, हे तर मी तुला उगाळून चाटवलंय."

आणि एक सांगायचं राहिलं. काढा उकळून झाला की उरलेला चोथा काही ठिकाणी मुद्दाम रस्त्यावर टाकतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवला की रोग घराबाहेर जातो म्हणे. माझ्या घरमालकिणीने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, रस्त्यात काळपट चोथा दिसला तर बाजूने जायचं.

तिरकस

तिठ्यावरचा उतारा! आपल्याकडे निदान लिंबू आणि नारळ तरी मिळतो. दुष्काळात आमच्या एका मित्राने तो नारळ घरी नेऊन बर्फी केली होती. अजून ठणठणीत आहे.

गवतीचहा

ही कुठली बर्फी, रेसिपी द्या :)

पिठोरी

अवांतर होतंय, पण 'झाडपाला' म्हणताना एक गोष्ट सगळे विसरताय. खेड्यातले बरेच लोक हे औषध घेत नाहीत, विकतात. गान्सूमधल्या मिनशियानला शेतकरी दांगग्वेई या औषधी मुळीवर जगतात. तिबेटी पठारावर मे-जूनमध्ये किडाजडी, म्हणजे अळीवर उगवणारी औषधी बुरशी, खणायला अख्खी कुटुंबं वर जातात, काही भागांत शाळांना त्यासाठी सुट्टी असते. आपल्याकडे पिथौरागढ-चमोलीतही लोक बर्फावर पालथे पडून हीच किडाजडी शोधतात. ती खणणारा चाखून तरी बघतो का, शंका आहे. सगळी जाते शहरातल्या श्रीमंतांच्या सूपमध्ये.

गाढवाच्या कातड्यापासून बनवलेलं एजियाओ तसंच. शानदोंगमधल्या दोंग-अ गावचं जुनं औषध, रक्त वाढवायला बायका घ्यायच्या. शहरात फॅशन झाली आणि चीनमधली गाढवं संपत आली, मग आफ्रिकेतून कातडी यायला लागली. शेवटी २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकन युनियनने गाढवांच्या कातड्याच्या व्यापारावर १५ वर्षांची बंदी घातली. भारतात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ मध्ये सुमारे १ लाख २० हजार. अर्थात त्याला वीटभट्ट्यांवर आलेले ट्रॅक्टरही कारण आहेत, सगळं खापर चीनवर नको.

जेजुरीचा_खंडू

आमच्याकडे पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो, दात बघून भाव ठरतो. औषधाला कुणी गाढव नेल्याचं ऐकलं नाही, पण आता दात बघणाऱ्याचं तोंडही बघायला लागेल.

लिटमस

कुणीतरी तू यूयू बाईंचं नाव काढेल म्हणून वाट बघत होतो. काढत नाही म्हणून मीच काढतो, नाहीतर वैद्यबुवा काढतीलच.

रानवाटा

काढणारच होतो. मलेरियावरच्या औषधासाठी २०१५ चं नोबेल. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या पोथीत ओळ आहे, की छिंगहाव ही वनस्पती मूठभर घेऊन दोन शेर पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. त्यात उकळायचं लिहिलेलं नाही. बाईंना तिथेच सुचलं की उष्णतेने गुण जात असेल, म्हणून कमी तापमानाला ईथरने अर्क काढला. १९७१ मध्ये उंदरांवर पूर्ण गुण आला. पोथी नसती तर सुचलं असतं का?

लिटमस

सुचलं पोथीवरून, मान्य. पण त्याआधी शेकडो वनस्पती तपासून फेकून द्याव्या लागल्या, त्याही पोथ्यांमधल्याच होत्या. आणि हा सगळा खटाटोप १९६७ मध्ये सुरू झाला तो व्हिएतनामच्या जंगलात उत्तर व्हिएतनामचे सैनिक मलेरियाने मरत होते म्हणून, वैद्यकाची शान राखायला नव्हे.

डॉ_निशाचर

दोघांनाही एक सांगतो. गडचिरोलीत फाल्सिपॅरम मलेरियाच्या रुग्णाला आम्ही आर्टेसुनेट असलेल्या गोळ्या देतो, ते त्याच छिंगहावमधून आलंय. रुग्णाला चीन, पोथी, नोबेल काही ठाऊक नसतं. तो फक्त विचारतो, "सुई नाही देत का?"

शाईपेन

कायद्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. चीनमध्ये १ जुलै २०१७ पासून चिनी वैद्यकाचा स्वतंत्र कायदा लागू झाला. त्यात एक वाट अशी आहे, की पदवी नसली तरी गुरूकडे शिकलेल्या किंवा वर्षानुवर्षं इलाज करणाऱ्या माणसाची दोन नोंदणीकृत चिनी वैद्यांनी शिफारस केली, तर तो कौशल्याची परीक्षा देऊन परवाना मिळवू शकतो. खेड्यातल्या पिढीजात हाडवैद्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे बीएएमएसची पदवी असेल तर वैद्य, नसेल तर बोगस डॉक्टर. मधलं काहीच नाही. वैदू समाजातल्या माणसाला पाल्याची ओळख पदवीधरापेक्षा जास्त असू शकते, पण त्याला बसायला परीक्षाच नाही. तो एसटी स्टँडवर चादर पसरून बसतो आणि पोलीस त्याला उठवतात.

रानवाटा

शाईपेन, या मुद्द्यावर दंडवत. पण परीक्षा घेणार कोण? मीच घेतली तर वैदू मला नापास करेल.

लिटमस

आणि बचनागासारखी विषारी मुळी ओळखता येणं वेगळं, पचवता येणं वेगळं. युनानमध्ये हिवाळ्यात बचनागाच्या जातीची मुळी मांसाबरोबर तासन्‌तास शिजवून खातात, थंडीवर आणि सांधेदुखीवर चांगली म्हणून. थोडी कमी शिजली की जीभ आणि ओठ बधिर, मग हृदयाचे ठोके बिघडतात. दर वर्षी सरकार इशारे काढतं, दर वर्षी माणसं दगावतात. हेही पिढीजात ज्ञानच.

रानवाटा

आमच्यात बचनाग गोमूत्रात शोधन केल्याशिवाय, म्हणजे त्याचं विष कमी केल्याशिवाय, वापरत नाहीत. बाकी तुमचं म्हणणं खरं आहे, घरगुती स्वयंपाकात ही मुळी असूच नये.

मु_पो_हफेई

बापरे, दोन दिवस नव्हते तर गाढवांपर्यंत पोचलात! सगळे प्रतिसाद वाचले. शेजारणीला पुन्हा विचारून आले, तिने आईला फोन लावून दिला.

आजीचं वय सत्तरीच्या पुढे. शेतकऱ्यांचं सरकारी पेन्शन महिन्याला दोनशे युआनच्या आसपास. आरोग्यविम्याचा हप्ता २००३ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा वर्षाला माणशी १० युआन होता, आता ४०० झालाय, तो मुलगा शांघायहून भरतो. रक्तदाबाची गोळी आजी दवाखान्यातूनच घेते, त्यात चुकत नाही, कारण विम्यात स्वस्त पडते आणि डॉक्टर आकडा मोजून दाखवतो. गुडघ्यांना मात्र डॉक्टर म्हणाला वयाचं आहे, मोठ्या दवाखान्यात जा. तालुक्याच्या रुग्णालयात जायचं तर बस बदलून जावं लागतं, बरोबर कुणी नसतं. मग गावातल्या एका म्हाताऱ्या वैद्याने बांधून दिलेली पुडी उकळायची आणि बांधावर उगवलेला नागदवण्याचा पाला सुकवून गरम पाण्यात टाकून पाय शेकायचे. तो पाला फुकट.

आणि कपाटात एजियाओचा लाल खोका. मुलाने नववर्षाला आणलेला. आजीने उघडलेलाच नाही. म्हणाली, एवढं महागाचं औषध खाऊन काय करू, पुढच्या लग्नात कुणालातरी देऊन टाकीन.

भटकभवानी

तो खोका चार लग्नं फिरून परत आजीकडे येणार, लिहून ठेवा. आपल्या काजूकतलीच्या डब्यासारखा.

डॉ_निशाचर

हे सगळं अगदी ओळखीचं आहे. तुमच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर असं: जिथे गोळीने आकडा खाली येतो तिथे आजी गोळी घेते. जिथे डॉक्टरने हात वर केले तिथे काढा घेते. तरुण मंडळी शहरात गेली, मागे दुखरे गुडघे उरले, म्हणून खेड्यात काढा पिणारा जास्त करून म्हातारा दिसतो.

त्यात सरकारचाही एक धक्का आहे. २००९ नंतर सरकारी दवाखान्यांचा औषधविक्रीवरचा नफा टप्प्याटप्प्याने बंद केला, पण सुक्या वनस्पतींना त्यातून सूट दिली. शिवाय आता मोठ्या गावांच्या आरोग्य केंद्रांत चिनी वैद्यकाचा वेगळा कक्ष काढायचं धोरण आहे. तुम्ही पाहिलेल्या त्या खणांतून चार्जर काढून पुन्हा मुळ्या भरायची वेळ येऊ शकते.

रानवाटा

डॉक्टर, 'हात वर केले' हे बरोबर. पण आजी त्या म्हाताऱ्या वैद्याकडे पुन्हा पुन्हा जाते ना? गुण नसता तर दुसऱ्यांदा गेली असती?

लिटमस

पाय शेकल्यावर कुणालाही बरं वाटतं. त्याला पुडी लागत नाही.

डॉ_निशाचर

मु_पो_हफेई, एक काम करा. ती गुडघ्याची पुडी उकळायच्या आधी फोटो काढून त्यातली नावं मागवा. सांधेदुखीच्या पुडीत बचनागाच्या जातीची मुळी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि आजी रक्तदाबाची गोळी घेते. किती वेळ उकळते तेही विचारा. वैद्यबुवा आणि मी दोघेही बघू.

रानवाटा

हो, पाठवा. यात आमचं भांडण नाही.

मु_पो_हफेई

आजच सांगते. शेजारीण म्हणतेय वैद्याचं अक्षर वाचता येणं अशक्य आहे.

तिरकस

चला, मग तो खराच डॉक्टर आहे.